दगडाच्या पोटातलं हवामान

तापमानवाढीबद्दल बोलताना एक गोष्ट हटकून सांगितली जाते. उंच डोंगरावर, थंड हवेत राहणारा एक चिमुकला प्राणी असतो. खाली उकडायला लागलं की तो थोडा वर सरकतो, आणखी तापलं की आणखी वर. शिखर गाठल्यावर वर फक्त आकाश उरतं आणि तिथे त्याचा वंश खुंटतो. या गोष्टीतला प्राणी बहुतेक वेळा पायका असतो. गोष्ट सुटसुटीत आहे, फळ्यावर त्रिकोण काढून पोरासोरांना समजावता येते, म्हणूनच ती इतकी पसरली. तिच्यात अजिबात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. पण तिची गोम अशी की तिने पायकाचा पत्ताच चुकीचा लिहून घेतला आहे. डोंगरकड्यांवरच्या पायकाचं घर म्हणजे दरडीतून सुटून उतारावर साचलेल्या धोंड्यांमधल्या फटी. त्या फटींमध्ये बाहेरच्यापेक्षा वेगळं हवामान असतं आणि पायका जगतो तो त्या हवामानात. उंची हा अशा फटी सापडण्याचा एक मार्ग, पण एकमेव नव्हे. हा फरक एकदा मान्य केला की कुठले पायका आधी जातील, कुठले तग धरतील आणि माणसाला त्यात काय करता येईल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बदलतात.

आधी प्राणी पाहू. तळहातावर मावेल एवढा, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, गोल कान, शेपूट असून नसल्यासारखी. पहिल्या नजरेत उंदीर वाटावा, पण हा सशाच्या गोतातला. वरच्या जबड्यातल्या पुढच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात असतात. ही सशांची खूण त्याच्याकडे आहे, उंदरांकडे नाही. पायकांच्या सुमारे 30 जाती आहेत. त्यातल्या दोन उत्तर अमेरिकेत, बाकी जवळजवळ सगळ्या आशियात. सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे तो रॉकी आणि सिएरा नेवाडा पर्वतांतल्या अमेरिकन पायकाचा, आणि शिखरावर अडकलेल्या प्राण्याची गोष्टही त्याच्याच नावावर आहे. त्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान 40 अंश सेल्सियसच्या थोडं वर असतं आणि त्यात तीनेक अंशांची भर पडली की जीव जातो. कातडी दाट केसांची, तळव्यांवरसुद्धा केस. हिवाळ्यासाठी ही तयारी उत्तम, पण उन्हाळ्यात घाम गाळून किंवा धापा टाकून अंग निववण्याची सोय जवळजवळ नाही. अँड्र्यू स्मिथ या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने 1974 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पायकांना पिंजऱ्यात घालून उघड्यावर ठेवल्याची नोंद आहे. आपल्याला आल्हाददायक वाटेल अशा 25 ते 29 अंशांच्या हवेत ते काही तासांत दगावले. शिखराच्या गोष्टीचा सगळा डोलारा या एका आकड्यावर उभा आहे.

तो आकडा खरा आहे, पण तो नेमकं काय मोजतो ते बघायला हवं. पिंजऱ्याने पायकाचा दगड काढून घेतला होता. मोकळा पायका अशा दुपारी उघड्यावर बसतच नाही. ऊन चढलं की तो फटीत शिरतो, अंग थंड दगडाला टेकवून पसरतो, आणि निवल्यावर पुन्हा थोडा वेळ बाहेर येतो. दिवसभर हे आत-बाहेर चालू असतं. म्हणजे प्रयोगाने सिद्ध झालं ते असं, की दगडाचा आसरा नसेल तर साधी ऊबदेखील पायकाच्या मुळावर येते. त्यावरून ‘बाहेर 26 अंश झाले की त्या डोंगरातला पायका संपला’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे मासा पाण्याबाहेर काढून तो हवेने मरतो असं सांगण्यासारखं आहे. तरीही कितीतरी वर्षं पायकाच्या भवितव्याचे नकाशे याच हिशेबाने रंगवले गेले. जवळच्या हवामान केंद्रातलं तापमान घ्यायचं, उंचीप्रमाणे ते वजा करत जायचं, आणि मर्यादेपलीकडचा प्रदेश लाल करून टाकायचा. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच हा प्रकार होता.

धोंड्यांच्या राशीत घडतं काय? थंड हवा जड असते. रात्री किंवा हिवाळ्यात ती वरून दगडांच्या फटींत उतरते आणि तळाशी साचून राहते. दिवसा वरचे दगड तापतात, पण तापलेली हवा हलकी म्हणून वरच तरंगते, खालच्या थंड हवेला ढवळत नाही. दगड स्वतः सावली धरतात आणि रात्रीची थंडी दिवसभर सांभाळतात. काही उतारांवर तर राशीच्या पोटात बर्फ असतो. तो वितळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो, आणि उताराच्या पायथ्याशी दगडांमधून गार हवा झिरपत बाहेर येते. अमेरिकेच्या वन विभागातल्या कॉन्स्टन्स मिलर यांनी सिएरा नेवाडातल्या अशा राशींमध्ये आणि दगडाखाली बर्फ दडलेल्या शिलाहिमनद्यांमध्ये तापमानाच्या नोंदी घेतल्या. पृष्ठभागावर दिवसरात्रीचा मोठा चढउतार दिसत असताना आतली रेघ जवळजवळ सपाट होती. हिवाळ्यात हीच व्यवस्था उलट कामाला येते. राशीवर बर्फाचा जाड थर बसला की वर कितीही कडाका असो, आत तापमान शून्याच्या आसपास राहतं. उन्हाळ्यात दगड वाचवतो, हिवाळ्यात दगड आणि बर्फ मिळून वाचवतात. यातल्या बर्फाकडे पुन्हा यायचं आहे, कारण गोष्ट फिरते ती तिथेच.

आता युक्तिवादाची पहिली कसोटी. दगड हेच खरं घर असेल, तर उंची नसतानाही चांगल्या दगडांत पायका सापडायला हवा. तो सापडतो. ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मधून वाहणाऱ्या कोलंबिया नदीच्या घळीत पायका समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरवर राहतात. शिखराच्या गोष्टीप्रमाणे त्यांनी तिथे असताच कामा नये. तिथल्या धोंड्यांवर शेवाळाची जाड गादी असते, तिच्याखालचा भाग उन्हाळ्यातही गार राहतो. जोहाना वार्नर आणि डेनिस डीअरिंग यांच्या अभ्यासात या पायकांच्या आहारात साठ टक्क्यांहून जास्त वाटा शेवाळाचा निघाला. शेवाळात सत्त्व असं फार नसतं, नुसता चोथा. पण सशांप्रमाणे पायकाही आंतड्यात आंबवलेल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो आणि त्या चोथ्यातून जमेल तेवढं पदरात पाडून घेतो. मुख्य फायदा वेगळाच आहे. शेवाळ घराच्या छपरावरच उगवतं, त्यामुळे जेवायला उन्हात जावं लागत नाही. दुसरं उदाहरण लाव्ह्याच्या प्रदेशांचं. आयडाहोमधलं क्रेटर्स ऑफ द मून आणि कॅलिफोर्नियातलं लाव्हा बेड्स ही दोन्ही संरक्षित क्षेत्रं उन्हाळ्यात रखरखीत असतात, काळा दगड भाजून निघतो, आणि तरी तिथे पायका आहेत. तिथला लाव्हा भूशास्त्राच्या मोजमापात कालपरवाचा. त्यात पोकळ्या, भेगा, बर्फ धरून ठेवणाऱ्या गुहा शाबूत आहेत. (आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण साडेसहा कोटी वर्षांच्या ऊनपावसाने त्याची माती होत आली आहे. तशा गार पोकळ्या तिथे शोधू नयेत, आणि पायका तर मुळीच नाही.)

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो वजनदार आहे. दगड इतका भरवशाचा असेल तर ग्रेट बेसिनमधले पायका गेले कसे? रॉकी आणि सिएरा नेवाडा यांच्यामधल्या या कोरड्या प्रदेशात एकेकटे डोंगर बेटांसारखे उभे आहेत. तिथल्या 25 ठिकाणी पूर्वी पायकांच्या नोंदी झाल्या होत्या. एरिक बीव्हर आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात आणि पुन्हा 2008पर्यंत ती ठिकाणं पायाखाली घातली, तेव्हा 25 पैकी 10 ठिकाणी पायका उरले नव्हते. दगड होते तिथेच होते, राहणारा गेला होता. वरकरणी हा शिखराच्या गोष्टीचा विजय दिसतो. पण याच संशोधकांनी पुढची पायरी गाठली. त्यांनी तापमान नोंदवणारी उपकरणं थेट दगडांच्या फटींत ठेवली आणि कुठल्या कारणाने ठिकाणं रिकामी झाली असावीत हे पडताळलं. एखाद्या दिवसाच्या उच्चांकी उष्म्यापेक्षा दोन गोष्टींचा संबंध जास्त ठळक दिसला. एक, सबंध उन्हाळाभर रेंगाळणारी ऊब. दुसरी, आणि तापमानवाढीच्या चर्चेत कुणाच्या ध्यानीमनी नसलेली, हिवाळ्यातला गारठा. बर्फ कमी पडलं किंवा लवकर वितळलं की दगडांवरचं पांघरूण जातं आणि कडाक्याची हवा थेट फटीत घुसते. पायका शीतनिद्रा घेत नाही, सगळा हिवाळा जागा असतो. उघड्या पडलेल्या राशीत त्याला अंग तापवायला जास्त खावं लागतं, आणि साठा तर ठरलेलाच. जग तापत असताना एखादा प्राणी थंडीने मरतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण दगडाच्या पोटातून पाहिलं तर त्यात विचित्र काही नाही.

रॉकी पर्वताच्या दक्षिण भागातला अभ्यास याला जोड देतो. लिसल अर्ब आणि सहकाऱ्यांनी तिथली 69 जुनी ठिकाणं तपासली. त्यातल्या 65 ठिकाणी पायका होतेच, फक्त चार रिकामी निघाली. ती चारही इतरांपेक्षा कोरडी होती. एकच जात, एकच तापत चाललेलं खंड, आणि एका प्रदेशात दर पाचांतली दोन ठिकाणं गेली, तर दुसऱ्यात सतरांतलं एखादं. नुसत्या उंचीच्या शिडीवरून हा फरक उलगडत नाही. ओल, बर्फ, राशीची खोली आणि त्यात साचणारा गारवा लक्षात घेतला तर उलगडतो.

दगडाची बाजू इतकी मांडल्यावर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर वकिली होईल. दगड निवारा देतो, जेवण देत नाही. कोलंबिया घळीतलं शेवाळ हा अपवाद. बहुतेक पायकांना पोटासाठी राशीच्या कडेच्या हिरवळीवर जावंच लागतं, आणि त्यांचा सगळा उन्हाळा बेगमीत जातो. हे काम जवळून बघण्यासारखं आहे. कुरणाच्या कडेला पायका येतो, देठ मुळाशी कुरतडतो, फुलं-पानं-देठ तोंडात आडवी धरतो. दोन्ही बाजूंनी मिशांसारखा हिरवा भारा लोंबत असतो आणि त्याखाली प्राणी दिसेनासा होतो. तसाच तो दगडांवरून उड्या मारत घराकडे सुटतो, एखाद्या मोठ्या धोंड्याच्या आडोशाला भारा टाकतो आणि परत फिरतो. एका मोसमात अशा हजारो फेऱ्या होतात. त्यातून गवताची गंजी उभी राहते आणि तिच्यावर मालकाचा कडक पहारा असतो, कारण शेजारचा पायका संधी मिळाली की त्यातूनच उचलतो. नॅन्सी हंटली आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की लगेच खायचं असेल तेव्हा पायका दगडाला लागून चरतो, त्यामुळे कडेचा पट्टा नेहमी खुरटलेला असतो. गंजीसाठी मात्र तो लांबवर जातो आणि निवडून, भरदार झाडोरा आणतो. लांब जाणं म्हणजे ऊन आणि मुंगसासारखा सडपातळ वीझल, दोन्हींचा धोका. म्हणून तो ते तेव्हाच करतो, जेव्हा मिळकत तेवढी मोठी असते.

निवडीत त्याची हुशारीही दिसते. कोलोरॅडोतल्या नायवॉट रिजवर डेनिस डीअरिंग यांनी पाहिलं की पायका अल्पाइन अ‍ॅव्हन्स ही पिवळ्या फुलांची वनस्पती उन्हाळ्यात ताजी खायचं टाळतो, पण गंजीत मात्र ती भरपूर घालतो. या वनस्पतीत फिनॉल गटातली द्रव्यं खूप असतात, ती ताजी खाल्ली तर बाधतात. पण याच द्रव्यांमुळे गंजी सडत नाही, आणि हिवाळा सरता सरता त्यांचा विषारीपणा उतरतो. तोवर ती खाण्याजोगी झालेली असते. लोणच्यात मिठाचं जे काम ते गंजीत या झाडाचं, आणि शिवाय मीठच शेवटी जेवण होतं. आपल्या मुद्द्याशी याचा संबंध असा, की हिवाळ्याचा सगळा हिशेब उन्हाळ्यातल्या बाहेर राहण्याच्या तासांवर अवलंबून आहे. उष्म्याने पायका लगेच मरत नसला तरी दुपारचे तीन तास जास्त फटीत बसावं लागलं, तर तेवढ्या फेऱ्या कमी, तेवढी गंजी ठेंगणी. त्यात पुढे बर्फाचं पांघरूण पातळ निघालं तर अन्न लागणार जास्त आणि असणार कमी. मृत्यू ऑगस्टच्या उन्हात न येता फेब्रुवारीच्या रात्री येतो, आणि पंचनामा करणाऱ्याला कारण दिसतं थंडी.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. पायका दगडाच्या आसऱ्याने इतका तग धरतो, तर मग काळजी कशाला? अमेरिकेत हा वाद कायद्यापर्यंत गेला. सेंटर फॉर बायॉलॉजिकल डायव्हर्सिटी या संस्थेने 2007 साली अमेरिकन पायकाला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घ्यावं असा अर्ज केला. संघराज्य सरकारच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने 2010च्या फेब्रुवारीत तो फेटाळला. पायका एकूण जात म्हणून संपण्याच्या मार्गावर नाही, हे त्या निर्णयाचं सार. स्मिथ यांनीही 2020च्या आढाव्यात याच सुरात लिहिलं आहे, की पायका समजला जातो त्यापेक्षा चिवट आहे. जात म्हणून पाहिलं तर त्यांचं म्हणणं मला पटतं. पण ‘जात टिकेल’ या वाक्यात पाणी मुरतं ते वेगळ्याच जागी. 2017 साली जोसेफ स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी लेक टाहोच्या उत्तरेला, माउंट प्लूटोभोवतीच्या सुमारे 165 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातून पायका नाहीसे झाल्याचं मांडलं. तिथे जुन्या लेंड्या सापडत होत्या, म्हणजे पूर्वी वस्ती होती. दगड होते, पण पायका नव्हते. एवढा पट्टा एकदा रिकामा झाला की तो पुन्हा भरणार कुठून, हा खरा प्रश्न.

इथे पायकाची दुसरी मर्यादा पुढे येते. पिल्लू मोठं झालं की त्याला स्वतःची रास शोधावी लागते, आणि त्यासाठी दगड सोडून मधली उघडी जमीन ओलांडावी लागते. घरात बसलेल्या पायकाला दगड वाचवतो. प्रवासातल्या पायकाला मात्र शिखराच्या गोष्टीतलं प्रत्येक वाक्य लागू पडतं. पूर्व कॅलिफोर्नियातलं बोडी हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे सोन्याच्या खाणी निघाल्या, पुढे गाव ओस पडलं, आणि खाणीतून काढलेल्या निरुपयोगी दगडांचे ढिगारे माळावर जागोजागी राहून गेले. त्या ढिगाऱ्यांत पायकांनी संसार मांडले. माणसाने टाकून दिलेला दगड त्यांना डोंगरातल्या दगडाइतकाच चालला, आणि माझ्या मते पत्ता फटींचा आहे याला याहून साधा पुरावा नाही. स्मिथ यांनी अनेक दशकं या ढिगाऱ्यांमधल्या वस्त्या मोजल्या. एकेक ढिगारा छोटा, कधी ओस पडायचा, शेजारून कुणी आला की परत भरायचा. ढिगाऱ्यांमधलं अंतर काहीशे मीटरच्या पलीकडे गेलं की येणारा येईनासा व्हायचा. पुढे दक्षिणेकडच्या ढिगाऱ्यांमधली वस्ती एकेक करत पूर्ण बसली. उत्तरेकडची, जिथे ढिगारे जवळजवळ होते, ती टिकली. दक्षिणेची वस्ती उष्म्यामुळे गेली की छोट्या वस्त्यांच्या नशिबाने, यावर संशोधकांत मतभेद आहेत. मला दोन्ही कारणं एकमेकांना छेद देणारी वाटत नाहीत. गरम उन्हाळ्यात प्रवास करता येण्याजोगं अंतर आखडतं, आणि अंतर आखडलं की नशिबाच्या फेऱ्यात सापडलेल्या ढिगाऱ्याला मदत पोचत नाही.

वणव्याचं उदाहरणही इथेच घेतो. ओरेगनमधल्या माउंट हूडच्या उतारावर 2011 साली डॉलर लेक वणवा लागला आणि पायकांच्या राशींभोवतीची झाडी जळून गेली. पायका संपले असतील अशी अपेक्षा होती. दोन वर्षांतच जळालेल्या राशींमध्ये पायका आढळू लागले. आग वरून गेली, दगडाच्या पोटात तिचा उष्मा पोचला नाही. पण तिथे आजूबाजूला न जळालेल्या, म्हणजे जिथून पायका परत येऊ शकतील अशा राशीही होत्या, हे विसरून चालणार नाही.

हिमालयाकडे वळलं की हा सगळा विचार आपल्याही दारात येतो. चोपत्याहून तुंगनाथला किंवा केदारनाथकडे चढणाऱ्या मराठी ट्रेकरांना वाटेवरच्या धोंड्यांतून सुळकन पळालेला ‘उंदीर’ दिसलेला असतो. तो बहुधा रॉयलचा पायका. सबुज भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी पश्चिम हिमालयात या जातीचा माग ठेवला. त्याची वर्दळ सकाळी आणि संध्याकाळी जास्त, दुपारी तो फटीत, आणि ही वेळ दगडाजवळच्या तापमानाशी जुळते, असं त्यांना दिसलं. लडाखपासून पुढे मोठ्या कानांचा पायका सुमारे 6,000 मीटरपर्यंत चढतो. सिक्कीममधल्या पायकाला तर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती 2016 साली. तोवर तो दुसऱ्या एका जातीची उपजात समजला जात होता. तिबेटच्या पठारावरचे पायका मात्र वेगळ्या घडणीचे. ते कुरणात स्वतः बिळं खणतात, कुटुंबाने राहतात, वर्षातून अनेकदा वितात आणि लवकर मरतात. दगडातले पायका एकांडे, थोडी पिल्लं देणारे, बऱ्यापैकी दीर्घायुषी. पठारावरच्यांना पन्नासच्या दशकापासून विष घालून मारलं गेलं, तरी ते मोठ्या प्रमाणावर उरले. दगडातल्यांची एक वस्ती गेली तर ती भरून काढायला पिल्लांचा असा पूर त्यांच्याकडे नाही.

तिआन शान पर्वतातला इली पायका या विचाराला सगळ्यात अवघड जातो, म्हणून तो टाळता येत नाही. ली वेइदोंग यांना तो 1983 साली सापडला, 1986 साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि मग वर्षानुवर्षं तो जवळजवळ कुणाच्या नजरेस पडला नाही. 2014 साली त्याचा फोटो मिळाला आणि पुढे त्याच्या जगभर बातम्या झाल्या. तो उंच, उभ्या कड्यांमध्ये राहतो. दगड आहे, फटी आहेत, थंडीही आहे, आणि तरी त्याच्या वस्त्या झपाट्याने घटल्या आहेत. दगड हेच सर्वस्व असेल तर हे का व्हावं? याचं उत्तर बोडीच्या माळावर आहे. इली पायकाचे कडे म्हणजे एकमेकांपासून दऱ्यांनी तोडलेले ठिपके, प्रत्येकात मोजके प्राणी, पिल्लं थोडी. निवारा उत्तम असला तरी शेजार नाही. एक कडा ओस पडला की तो बहुधा ओसच राहतो.

हे सगळं मान्य केलं तर कामाची दिशा बदलते. पायकासाठी नुसत्या उंचीच्या रेषा आखून ‘इतक्या मीटरच्या वर संरक्षित’ असं म्हणणं पुरेसं नाही. खालच्या उतारावरची खोल, ओलसर, बर्फ धरणारी रास वरच्या उथळ, उघड्या राशीपेक्षा जास्त मोलाची असू शकते. डोंगरात रस्ता काढताना किंवा बांधकामाला दगड उचलताना ‘पडीक दगड’ म्हणून जी रास फोडली जाते, ती दोन वस्त्यांमधला टप्पा असू शकते. ती गेली की दोन्ही बाजूंच्या वस्त्या एकमेकांना दूर होतात. उलट, दोन राशींमधलं अंतर जास्त असेल तर मध्ये योग्य आकाराच्या धोंड्यांचे ढीग रचून टप्पे करता येतील का, हे करून बघायला हरकत नाही. बोडीच्या खाणवाल्यांनी ते नकळत केलंच होतं. असे ढीग बर्फ परत आणणार नाहीत आणि कोरडं कुरण हिरवं करणार नाहीत, हे उघड आहे. पण कुठल्या राशीला बर्फ कमी पडतंय आणि कुठलीला शेजार, हे आधी कळायला हवं, आणि त्यासाठी तापमापक हवामान केंद्राच्या खांबावर न टांगता दोन ठिकाणी ठेवायला हवेत: एक धोंड्याच्या वर सावलीत, दुसरा हात पोचेल तितका आत फटीत. दोघांच्या नोंदी उन्हाळाभर आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हिवाळाभर चालू ठेवायच्या, कारण आतली रेघ शून्याजवळ सपाट चाललेली असताना ती एकाएकी बाहेरच्या रेघेबरोबर खाली कोसळू लागली, तर त्या दिवशी राशीवरचं बर्फ गेलेलं असतं.